दमट हवेतला काटा

"हा हलवा आहे की तापाच्या गोळ्या गो?"

द्वारकावन्संनी परातीतला एक दाणा चिमटीत धरून खिडकीच्या उजेडाकडे नेला, अंगठ्यानं फिरवून पाहिला आणि परत परातीत टाकला. खाल्ला नाही. खाऊन नावं ठेवली असती तर मला इतकं लागलं नसतं.

"अजून पाक द्यायचाय, वन्सं," मी म्हटलं. "काटा हळूहळू येतो."

"यायचा तर येतो, नाहीतर येत नाही. कालिंदीची परात खोलीतून बाहेर आली की बघत राहावं. दाणा न् दाणा काटेरी. तिचा हातच तसा होता." त्या पदर खोचून उठल्या. "अचलेचा पहिला सण आहे. तिच्या सासरची माणसं येणार. एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. गुहागरातच दिलेली, आमच्यापासून चार घरं सोडून, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात त्यांची फेरी माझ्या शाळेच्या घंटेइतकी नेमाची होती. आणि कालिंदी म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको. अचला तिची मुलगी. ती चौथीत असताना कालिंदी तापानं गेली. पुढच्या वर्षी मी साताऱ्याहून इथल्या शाळेत शास्त्र शिकवायला आले, तेव्हा अचला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. तिच्या वडिलांशी माझं लग्न झालं, तरी ती मला घरातही 'बाई'च म्हणत राहिली. मी कधी हरकत घेतली नाही. दुसरं काय म्हण म्हणून सांगणार?

अचलाचं लग्न त्या मार्गशीर्षात झालं, चिपळूणला. आमच्याकडे मुलीच्या पहिल्या संक्रांतीला काळी साडी सासरची आणि हलव्याचे दागिने माहेरचे. बिंदीपासून बांगड्यांपर्यंत सगळे, आणि तो हलवा घरी केलेला. "विकतचा हलवा आपल्या घरात आला नाही आणि येणार नाही," हे वन्संचं वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत होते. त्याच्या पाठोपाठ कालिंदीच्या हाताचं कौतुक यायचंच.

त्या कौतुकानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, हे सरळ सांगून टाकते. कालिंदीचं रूप, तिचा आवाज, तिच्या हातची आमटी, हे सगळं मी पचवलं होतं. फोटोत ती माझ्यापेक्षा देखणी आहे हेही मी मान्य केलं होतं. पण हलव्याचं मला सोसत नव्हतं, कारण लग्नानंतरच्या आमच्या पहिल्या संक्रांतीला मी केलेला हलवा तोंडात टाकून हे एकदा म्हणाले होते, "कालिंदीचा जिभेला टोचायचा." म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. आमच्या लग्नानंतर अचलाच्या लग्नापर्यंत त्यांनी तिचं नाव माझ्यासमोर तेवढंच एकदा घेतलं होतं. बायकोची आठवण काढायला माणसानं टोचणारी साखर निवडावी, आणि ती माझ्या हातून होऊ नये!

बरं, मला येत नव्हता असंही नाही. साताऱ्याला आईच्या हाताखाली मी परकरात असल्यापासून हलवा केलेला. शेगडीत निखारे अगदी मंद, वर परात, परातीत भाजलेले तीळ. चमचाभर एकतारी पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचे. तो वाळला की पुन्हा चमचाभर. तिथे पौषातल्या थंडीत दुसऱ्या दिवशी काटा दिसायचाच. तीच मी, तेच हात, तीच साखर. गुहागरात आल्यापासून दरवर्षी दाणे गुळगुळीत तरी व्हायचे नाहीतर एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे तरी.

मी शास्त्राची शिक्षिका. कारण मला ठाऊक होतं. नववीला मी दरवर्षी पदार्थाच्या अवस्था शिकवायची. पाणी किती अंशाला उकळतं विचारलं की अख्खा वर्ग शंभर म्हणून ओरडतो. कुठल्या दाबाला, असं विचारलं की सगळे गप्प. कुठलाही पदार्थ आपल्या मनानं रूप बदलत नाही, उष्णता, दाब आणि आजूबाजूची हवा ते ठरवतात, हे मी फळ्यावर लिहून लिहून खडू संपवले होते. पाकात साखर विरघळलेली असते. पाणी उडून जाऊ लागलं की साखरेला बाहेर पडावंच लागतं. ती कुठेतरी एक बारीक कण धरून बसते, आणि मग पुढची साखर त्याच कणावर येऊन बसते, कारण नव्यानं सुरुवात करण्यापेक्षा बसलेल्याशेजारी बसणं तिला सोपं. जो कण जरा वर आलेला असतो त्याला हवा जास्त लागते, तो आधी वाळतो, आणखी वर जातो. तोच काटा. पण त्यासाठी पाणी हळूहळू आणि नक्की उडालं पाहिजे. गुहागरची हवा समुद्राच्या ओलीनं आधीच भरलेली. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, काडेपेटीतल्या काड्या ओढताना मोडतात. पाकातलं पाणी जाणार कुठे? निखारे वाढवले तर सगळा पाक एकदम सुकतो, कण निवडून बसायला साखरेला वेळच मिळत नाही आणि दाणा गोटीसारखा होतो.

म्हणजे इथे काटा येणं अवघड. जवळजवळ अशक्य. मला हे कागदावर सिद्ध करून दाखवता आलं असतं.

आणि तरी त्या बाईला येत होता. याच घरात, याच शेगडीवर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. एखादी गोष्ट शास्त्रात बसत नसताना कालिंदीच्या हाताला जमते, यावर विश्वास ठेवणं मला जड जायला हवं होतं. गेलं नाही. मत्सरात माणूस समोरच्याला काय काय बहाल करतो! मी तिला निसर्गाचे नियमसुद्धा माफ केले होते.

या वर्षी मात्र मी हट्टाला पेटले. अचला माझ्या हातचे दागिने घालणार होती आणि ते काटेरी असणार होते. एवढ्या एका बाबतीत मला दुसरी बायको व्हायचं नव्हतं.

शाळेच्या प्रयोगशाळेतून मी ओला-कोरडा तापमापक घरी आणला. एका तापमापकाच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळलेलं असतं. हवा कोरडी असली की फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि तो पारा खाली जातो, दुसरा जागेवर राहतो. मी तो माजघरात टांगला. दोन्ही पारे जुळ्या भावंडांसारखे शेजारी शेजारी. मग मी कोठीची छोटी खोली रिकामी केली. फटींमध्ये जुनी लुगडी कोंबली, आणि बाजारातून कळीचा चुना आणून चार घमेली भरून कोपऱ्यांत ठेवली. कळीचा चुना हवेतली ओल शोषून घेतो. मुलांना मी हे शिकवलं होतं, स्वतः करून पहिल्यांदाच बघत होते.

"तू हलवा करत्येस की घर रंगवत्येस?" हे दारात उभे राहून म्हणाले.

"दार लावा. ओल आत येत्ये."

"कालिंदी पण दार लावूनच करायची," ते सहज म्हणाले आणि गेले.

हे मला माहीत होतं. वन्संनीच सांगितलं होतं. हलव्याच्या दिवसांत कालिंदी कोठीत शिरून आतून कडी घालायची, नजर लागली तर काटा मोडतो म्हणायची, आणि छोट्या अचलाला राखणीला दाराबाहेर बसवायची. पण आता त्याचा वेगळाच अर्थ लागला. म्हणजे तिलाही बंद खोलीचं महत्त्व कळलं होतं? शिक्षण सातवी, आणि जे मला तापमापक टांगून उमगलं ते तिला उपजत?

मी चमचा घेऊन बसले. शाळेला रजा टाकली. बंद खोलीत डोकं दुखू लागायचं, मग दार उघडून मागच्या पडवीत उभी राहायची, परत येऊन बसायची. दोन पाऱ्यांत हळूहळू अंतर पडू लागलं. बोटांची टोकं आधी लाल झाली, मग कातडी निघाली. आणि खरंच, दाण्यांवर काहीतरी दिसू लागलं. काटा म्हणवेना, पण यांनी दोन दिवस दाढी केली नाही की गाल हाताला लागतो तसं बोटाला लागायचं. मी दाणा भिंगाखाली धरला. बारीक टोकं होती. अगदी बारीक.

"कालिंदीला हे चुन्याशिवाय यायचं," मी मोठ्यानं म्हटलं. खोलीत कुणी नव्हतं.

अचला दागिने ओवायला संक्रांतीच्या आधी माहेरी आली. आल्या आल्या बॅग टाकून कोठीत शिरली. नवीन मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा, अंगावर तजेला. चुन्याची घमेली बघून ती खो खो हसली.

"बाई, हे काय मांडलंय?"

"दार लाव आधी."

तिनं दार लावलं, माझ्यासमोर मांडी घातली आणि परातीतला दाणा तोंडात टाकला. "छान झालाय की!"

"टोचतो का?"

"थोडा."

"थोडा म्हणजे? खरं सांग."

"थोडा टोचतो." तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. तिनं माझं मनगट धरून बोटं उजेडाकडे वळवली. "अहो बाई! हे काय करून घेतलंत? पुरे झालं. आहे हा मस्त आहे. मी हाच घालणार."

"हाच घालणार आणि तुझी आत्या सगळ्या बायकांसमोर हातात घेऊन बघणार. 'कालिंदीच्या हलव्याची सर नाही.' ऐकायचंय तुला? मला ऐकायचं नाही." माझा आवाज चढला होता. इतकी वर्षं या मुलीसमोर मी तिच्या आईबद्दल वावगा शब्द काढला नव्हता, पण त्या कोंडलेल्या खोलीत माझा तोल गेला. "तुझ्या आईनं याच हवेत, याच परातीत काटा आणला. ना चुना, ना तापमापक! मी पदवी घेऊन, बोटं भाजून घेऊन खरखरीत गोळ्या करत्ये. तिला काय येत होतं असं? काय करायची ती दार लावून? तू तर दारातच बसायचीस ना? सांग मला, काय करायची?"

मला वाटलं अचला रडणार, आणि मला भीती वाटली. तिनं चमचा माझ्या हातातून काढून पाकाच्या भांड्यात ठेवला.

"पाक करायची," ती म्हणाली.

"मग?"

"मग मला पुऱ्या तळून द्यायची. त्या पाकातल्या पुऱ्या आम्ही दोघी खायचो. मी दाराबाहेर, ती आत. फटीतून द्यायची."

"आणि हलवा?"

"हलवा वाईहून यायचा, बाई."

मला नीट ऐकू आलं होतं तरी मी "काय?" म्हटलं.

"वाईला आईची एक शाळेतली मैत्रीण होती, नलूमावशी. ती करून पाठवायची. चिपळूणच्या गाडीनं डबा यायचा. वर चिठ्ठी 'मेतकूट'. आम्ही स्टँडवर जाऊन आणायचो. घरी आणला की आई तो कोठीत ठेवायची, दार लावून नुसता पाक उकळायची, घरभर वास सुटेपर्यंत. मग परातीत वाईचा हलवा ओतून बाहेर आणायची." अचला परातीतल्या दाण्यांवरून हात फिरवत होती. "पहिल्या वर्षी तिनं खरंच केला होता म्हणे. गोळे झाले. आत्यानं ते गोळे शेजारीपाजारी दाखवत नेले. आई मला सांगताना हसायची, पण दरवर्षी संक्रांत जवळ आली की तिला जेवण जायचं नाही. डबा वेळेवर येतो की नाही म्हणून."

मी शेगडीकडे बघत बसले. निखाऱ्यांवर राख धरली होती. आधी मला हसू यायला हवं होतं की राग, ते ठरवता येईना. मी जिच्यावर जळत होते ती बाई स्टँडवर मेतकुटाची वाट बघत उभी होती.

"तू कुणाला बोलली नाहीस?"

"आईनं शपथ घातली होती. बाबांनासुद्धा माहीत नाही." ती उठली. "तुमची बोटं बघवली नाहीत म्हणून सांगितलं. आता तुम्हाला काय करायचं ते करा."

आता मला काय करायचं! सांगायला हरकत नाही, त्या संध्याकाळी दागिने ओवताना मी मनातल्या मनात वन्संना ते किती तऱ्हांनी सांगून पाहिलं. सरळ सांगून पाहिलं. 'वन्सं, वाईचं मेतकूट आठवतं का?' अशी हळूच सुरुवात करून पाहिली. प्रत्येक वेळी वन्संचं तोंड पडलेलं दिसायचं आणि मला गोड वाटायचं. यांनाही सांगावंसं वाटलं. ज्या टोचणाऱ्या हलव्याची आठवण काढून तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात, तो एस.टी.नं आला होता. इतका सोपा विजय मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. अचला समोर बसून तन्मणी ओवत होती, आणि तिनं एकदाही वर बघितलं नाही.

हळदीकुंकवाला घर भरलं. अचला काळ्या साडीत, डोक्यापासून हातापर्यंत पांढऱ्याशुभ्र हलव्याच्या दागिन्यांत बसली होती. चिपळूणच्या बायकांनी कौतुक केलं. तिची सासू म्हणाली, "घरी केलाय? या हवेत? कमाल आहे हो तुमची." मी मान खाली घातली, पण मला फार बरं वाटलं.

मग वन्सं पुढे झाल्या. त्यांनी अचलाचं मनगट उचललं, बांगडीवरून अंगठा फिरवला. सगळ्या बायका बघत होत्या.

"बरा आहे," त्या म्हणाल्या. "काटा म्हणावा तर काटा आहे. पण अचले, तुझ्या आईचा हलवा तुझ्या सासूबाईंनी बघायला हवा होता हो. ते दागिने अंगावर घातले की टोचायचे. बाजारात गेलीस तरी तसला मिळायचा नाही."

अचलाचा चेहरा लाल झाला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वन्संकडे, आणि तिची हनुवटी वर आली. ही हनुवटी मी वर्गात पाहिली होती. कुणावर अन्याय झाला की ती अशीच उभी राहायची.

"आत्या," ती म्हणाली, "आईचा हलवा खरं म्हणजे..."

सांगणार होती ती. इतक्या बायकांसमोर, सासूसमोर. आईची शपथ माझ्यासाठी मोडायला निघाली होती. माझ्या मनात आलं, बोलू दे. एक क्षण मी तिला बोलू दिलंही.

"कालिंदीताईंच्या हाताची सर मला यायची नाही, वन्सं," मी मध्येच म्हटलं. मला स्वतःचाच आवाज ओळखीचा वाटला नाही. "हे मी कधीच मान्य केलं नाही. आज करते."

अचला बोलायची थांबली. तिचा हात वन्संच्या हातात तसाच राहिला.

हळदीकुंकू आटोपलं. चिपळूणची मंडळी पडवीत यांच्याशी बोलत बसली. आत आम्ही तिघी उरलो. वन्सं पाटावर बसून होत्या, जायचं नाव घेईनात. मी उरलेला हलवा डब्यात भरत होते.

"इतकी वर्षं लागली होय गो एवढं बोलायला?" वन्संनी विचारलं.

"मत्सर वाटायचा," मी म्हटलं. आता लपवण्यात काय राहिलं होतं?

वन्सं हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला, मी ओंजळीत थोडा हलवा घातला, आणि या वेळी त्यांनी तो खाल्ला.

"मलाही वाटायचा," त्या म्हणाल्या. "या गावात दिली मला, पण माझ्या हलव्याला जन्मात काटा आला नाही. पहिल्या संक्रांतीला सासूनं परात अंगणात भिरकावली होती. माझ्याच हातात दोष आहे म्हणून मी गप्प बसले. आणि मग भावाची बायको आली. वाईची पोर, पहिल्या वर्षी गोळे करून ठेवले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घरोघर दाखवले. आणि पुढच्या वर्षी मेलीनं असा काटा आणला..." त्यांनी डोळे पदरानं पुसले. "मी कितीदा त्या कोठीच्या दारापाशी गेले. विचारावं, कसा करतेस. नाही विचारलं."

अचला उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिची पाठ आमच्याकडे होती.

मला वन्संच्या शेजारी बसावंसं वाटलं. बसलेही. "तुमच्या हातात दोष नव्हता, वन्सं. इथली हवा दमट आहे. पाण्याला जायला जागा नसते, म्हणून साखर नीट बसत नाही. कुणीही केला तरी इथे काटा येत नाही. ही चार घमेली चुना ठेवला तेव्हा कुठे मला एवढासा आला."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हातारी हुशार होती.

"कुणालाच येत नाही म्हणतेस?"

"नाही."

"मग कालिंदीला कसा यायचा गो?"

खिडकीपाशी अचला हलली नाही. पडवीतून यांचं हसणं ऐकू येत होतं. शाळेत जो विषय शिकवून मी इतकी वर्षं पोट भरलं, तोच माझ्या जिभेवर तयार होता.

"ते शास्त्रात बसत नाही," मी म्हटलं.